शाळेतला खेळाचा तास आमदारांपर्यंत नेताना : कोकणातल्या पालकांसाठी

जून ते सप्टेंबर मैदानावर शेवाळ. ऑक्टोबरात सहामाही आणि दिवाळीची सुट्टी. त्यानंतर स्पर्धांची धावपळ, तीही निवडक मुलांची. मार्च उजाडला की ऊन आणि परीक्षा. वाडीवरच्या कित्येक शाळांत खेळाचा तास असा वेळापत्रकात असतो आणि मैदानात नसतो. मग कधीतरी पालक उठतात, आमदारांना निवेदन देतात, फोटो काढतात आणि परत येतात. पुढच्या वर्षी तेच निवेदन, फक्त तारीख बदलून.

निवेदन वाया जाण्याचं कारण बहुतेक वेळा राजकीय नसतं. मागणी मोघम असते आणि ती भलत्याच माणसाकडे केलेली असते. ‘मुलांच्या शारीरिक शिक्षणाकडे लक्ष द्यावे’ या वाक्यावर कुठलाही अधिकारी ‘लक्ष दिले आहे’ असा शेरा मारू शकतो. ‘शाळेच्या मैदानाचे सपाटीकरण, 27 बाय 16 मीटर, अंदाजपत्रक सोबत’ यावर त्याला हो किंवा नाही लिहावंच लागतं.

आधी शाळा मोजा

मोजपट्टी, वही आणि दोन आठवडे एवढं भांडवल पुरतं.

मैदान खरंच मोजा. खो-खोला 27 बाय 16 मीटर लागतात, मोठ्यांच्या कबड्डीला 13 बाय 10. लहान गटाची मैदानं याहून छोटी असतात. आपल्या शाळेपुढचं अंगण यातलं काय सामावून घेतं ते लिहा. उतार किती, कातळ कुठे वर आलाय, गडगा कुठे ढासळलाय, पागोळ्यांचं पाणी कुठून वाहतं हेही लिहा. उघड्या जांभ्यावर मुलं पडली की गुडघे सोलून निघतात, म्हणून तिथे कबड्डी होतच नाही. ही गोष्ट फोटोत दिसत नाही, लिहावी लागते.

दोन आठवडे रोज एक नोंद ठेवा: वेळापत्रकात खेळाचा तास होता का, प्रत्यक्ष झाला का, झाला नसेल तर त्या वेळेत काय झालं. मुलांना विचारलं तरी कळतं. ही नोंद शिक्षकांना अडकवण्यासाठी नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. दोन शिक्षकी शाळेत चार-पाच वर्ग, पोषण आहाराचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं एवढं उरकल्यावर खेळाला किती वेळ उरतो ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी. तुमची नोंद आणि हा आकडा शेजारी-शेजारी ठेवला की वेगळं भाषण करावं लागत नाही.

आरोग्याची बाजू वेगळ्या पानावर घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने वर्षातून एकदा शाळेत येऊन तपासणी करायची असते. शेवटची भेट कोणत्या तारखेला झाली? किती मुलांना पुढच्या उपचारासाठी पाठवलं आणि त्यातली किती खरंच गेली? लोहाच्या गोळ्या दर आठवड्याला मिळतात का? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, एप्रिलमध्ये तिथे पाणी असतं का? मैदान चांगलं असूनही मोठ्या मुली खेळाच्या तासाला बाजूला बसतात, त्यामागे पुष्कळदा ही कडी आणि हे पाणी असतं.

मग यू-डायस, म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद, पाहा. प्रत्येक शाळेला 27 ने सुरू होणारा 11 अंकी क्रमांक आहे आणि त्यावर शाळेची माहिती संकेतस्थळावर दिसते. तिथे ‘मैदान : आहे’ असं भरलेलं असेल तर तुमचं निवेदन तिथेच अडकलं म्हणून समजा. वरिष्ठ कार्यालय उत्तर देताना तुमच्या शाळेत येत नाही, यू-डायस उघडतं. या माहितीची संदर्भ तारीख 30 सप्टेंबर असते. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीने मुख्याध्यापकांसोबत बसून ती ओळ न् ओळ वाचावी.

मागणी कोणत्या जातीची आहे?

मागण्या तीन तऱ्हेच्या असतात आणि प्रत्येकीचं दार वेगळं.

पहिली, दुर्लक्षाची. नियम आहे, पैसाही आहे, काम होत नाही एवढंच. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून सरकारी शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला 5,000 रुपये, उच्च प्राथमिकला 10,000 आणि माध्यमिकला 25,000 पर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते आलं का, आलं तर कशावर खर्च झालं? कपाटात कुलूपबंद कॅरम असेल तर मुख्याध्यापकांशी बोलणं पुरतं. आरोग्य पथक आलं नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पत्र. यासाठी आमदार गाठू नका. त्यांच्याकडे तुमच्या खात्यात एकच खेळी असते, ती कॅरमवर घालवू नका.

दुसरी, पैशाची. सपाटीकरण, संरक्षक भिंत, पावसाळी छप्पर, स्वच्छतागृह. इथे आमदार थेट कामाचे आहेत, कारण स्थानिक विकास निधी त्यांच्या शिफारशीने खर्च होतो. शिवाय पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती आहे. क्रीडांगण विकासाची अनुदान योजना जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे असते. पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह मात्र ग्रामपंचायतीकडे मागा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो आणि त्याला मुंबईला जावं लागत नाही.

तिसरी, धोरणाची. कोकणात खरं दुखणं इथे आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक, म्हणजे काही वेळापुरता येणारा शिक्षक, सांगितला आहे, पण पट 100 च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीसाठी तर तेही नाही. आता आपल्या वाडीचा पट आठवा. डोंगराने तुटलेल्या वस्त्या, मुंबईला गेलेली कुटुंबं, त्यामुळे 15 आणि 20 मुलांच्या शाळा. सपाट मुलखातल्या मोठ्या गावाला धरून केलेली अट इथे लागू करायची म्हटली तर जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांना निदेशक कधीच मिळणार नाही. कुणी नियम मोडलेला नाही आणि तरीही मुलं वंचित आहेत. असा प्रश्न फक्त विधिमंडळातून सुटतो.

त्यावर मागायचं काय? ‘प्रत्येक शाळेला क्रीडा शिक्षक द्या’ म्हणाल तर वित्त विभाग पहिल्या वाचनातच फाइल बाजूला ठेवेल. त्याऐवजी केंद्र, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट, धरून मागा. एका केंद्रात साधारण दहा शाळा असतात. पट केंद्राचा एकत्र धरायचा आणि केंद्राला एक निदेशक द्यायचा. अर्धा दिवस एक शाळा, म्हणजे पाच दिवसांत दहा शाळा. सोबत प्रवासभत्त्याची ओळ विसरू नका. खाडीपलीकडच्या किंवा घाटीवरच्या शाळेला पदरमोड करून कुणी वर्षभर जात नाही.

कागद

सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करा. समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, त्यामुळे हा ठराव चार लोकांची सही असलेल्या कागदापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. शाळा विकास आराखडा करण्याचा अधिकारही कायद्याने समितीचाच आहे. मागणी त्या आराखड्यात नसेल तर आधी तिथे घाला. पुढे तोच विषय 15 ऑगस्टच्या किंवा 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत घ्या, म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखड्यातही येतो.

ठरावाची भाषा अशी असू द्या:

‘विषय क्र. 3 : शाळेचे उपलब्ध अंगण 24 बाय 14 मीटर असून पूर्वेकडील भागात कातळ उघडा आहे. सबब तेथे मुरूम व मातीचा थर देऊन सपाटीकरण करणे व दक्षिण बाजूस 24 मीटर लांबीचा चिऱ्याचा गडगा बांधणे यासाठी आमदार स्थानिक विकास निधीतून तरतूद व्हावी, अशी शिफारस सर्वानुमते करण्यात येत आहे.’

निवेदन एका पानाचं. वर विषय, खाली तीन परिच्छेद: काय आहे, काय हवं, कुठल्या निधीतून किंवा कुठल्या निर्णयाने. जोडपत्रांत ठराव, फोटो, मोजमाप आणि जागेचा उतारा.

या उताऱ्यावर थोडं थांबायला हवं, कारण कोकणात सर्वांत जास्त कामं इथेच अडतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसाने तोंडी शब्दावर शाळेला जागा दिली. बक्षीसपत्र झालंच नाही. सातबारा आजही त्यांच्याच आजोबांच्या नावे, खाली वीस-बावीस हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, कुणी बडोद्याला. सरकारी निधी अशा जागेवर खर्च करायला यंत्रणा तयार होत नाही आणि मग ‘जागेचा प्रश्न’ एवढाच शेरा येतो. म्हणून निधी मागण्याआधी तलाठ्याकडून सातबारा काढा. शाळेचं किंवा जिल्हा परिषदेचं नाव नसेल तर हिस्सेदारांची यादी करून ठेवा. सह्यांसाठी मोसम एकच: गणपती. चाकरमानी गावात असतो, भाऊबंद एकत्र जेवतात, मूडही बरा असतो. शिमगाही चालतो, पण पालखी नाचत असताना संमतीपत्र पुढे करू नये. नुसती संमती कायमची पुरत नाही. बक्षीसपत्र नोंदवून घ्यावं लागेल, तेव्हा त्याच भेटीत दुय्यम निबंधकांकडे जायचा दिवसही ठरवून टाका.

किनाऱ्यालगतच्या शाळांनी आणखी एक पाहावं: जागा सीआरझेडमध्ये, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारपट्टीच्या क्षेत्रात, येते का. येत असेल तर पक्क्या बांधकामाऐवजी सपाटीकरण मागणं सोपं जातं.

छप्पर मागत असाल तर

पावसाळ्यात खेळ हवा म्हणून छप्पर मागणं रास्त आहे. शैक्षणिक वर्षातले साडेतीन महिने पावसाचे. पण ‘शेड’ एवढाच शब्द लिहिलात तर आमसभेच्या मंडपासारखं काहीतरी उभं राहील. कबड्डीचं मैदान मावून भोवती मीटरभर मोकळं राहील असं, म्हणजे 15 बाय 12 मीटर असं मोजमाप लिहा. खाऱ्या हवेत साधा पत्रा आणि त्याचे स्क्रू लवकर गंजतात, ते अंदाजपत्रकात कनिष्ठ अभियंत्यांना आवर्जून सांगा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात शाळांचे पत्रे उडाले होते. त्यामुळे छताच्या बांधणीचा आणि पायाचा मुद्दा इथे चैनीचा नाही. छप्पर होईपर्यंत पडवीतली योगासनं, सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या आणि लंगडी चालू ठेवा. काहीच न करता छप्पर मागणाऱ्या शाळेपेक्षा पडवीत कवायत करणारी शाळा आमदारांना दाखवायला बरी.

कुणाकडे जायचं

विधानसभेचे आमदार रत्नागिरी जिल्ह्यात पाच, सिंधुदुर्गात तीन, रायगडात सात. पण विधान परिषद विसरू नका. कोकण विभाग शिक्षक आणि कोकण विभाग पदवीधर या मतदारसंघांचे आमदार पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे असतात. शिक्षक मतदारसंघाचे मतदार माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षक, म्हणून हायस्कूलमधलं क्रीडा शिक्षकाचं पद, संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं मंजूर करणं) हे विषय त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. तुमचे विधानसभेचे आमदार मंत्री असतील तर ते सभागृहात प्रश्न विचारू शकत नाहीत. तेव्हा निधीसाठी त्यांच्याकडे आणि प्रश्नासाठी परिषदेच्या आमदारांकडे जा.

खासदार निधी हवा असेल तर मतदारसंघ तपासा. दापोली आणि गुहागर रत्नागिरी जिल्ह्यात असले तरी लोकसभेला रायगडात येतात. तसंच शिक्षण खात्याचं: रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे शिक्षण उपसंचालक कोल्हापूरला बसतात. विभाग कोकण म्हणून पत्र बेलापूरच्या कोकण भवनात धाडलंत तर ते टेबल-टेबल फिरत राहील.

जिल्हा परिषदेत सदस्य असतील तर तुमच्या गटाचे सदस्य आणि शिक्षण समितीचे सभापती. प्रशासक असेल तर थेट मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शिक्षणाधिकारी (प्राथमिक).

शिष्टमंडळात चार-पाच जण पुरे. त्यात दोन आया हव्यातच. शिक्षकांना पुढे करू नका. त्यांना वर्तणूक नियम लागू असतात, राजकीय दबाव आणल्याचा ठपका बसायला वेळ लागत नाही. मुलांना घोषणा द्यायला नेणं तर साफ चूक.

आमदारांच्या स्वीय सहायकांना आधी भेटा. निवेदन खरं तेच वाचतात आणि तेच फाइल चालवतात. भेट दहा मिनिटांची धरा: दोन मिनिटं मोजमाप, दोन मिनिटं मागणी, बाकी त्यांना बोलू द्या. निघताना एकच गोष्ट मागा, शिफारसपत्र कोणत्या तारखेला मिळेल. आपल्या प्रतीवर पोच, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. आमदार गणपतीत घरोघर येतात तेव्हा आरतीनंतर हातात दिलेलं निवेदन मोदकांबरोबर गाडीत जातं आणि तिथेच राहतं. त्या दिवशी फक्त आठवण करा.

मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाला कामाला लावा. मंत्रालयात फाइल कुठे आहे ते पाहायला गावातून रात्रीची गाडी पकडून जाण्यापेक्षा परळ-लालबागचा माणूस जेवणाच्या सुट्टीत जाऊन येतो.

सभागृहात विषय नेणं

अधिवेशनं साधारण तीन: अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपूरला. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय ठराव ही आमदारांच्या हातातली साधनं. प्रश्न अधिवेशनाच्या कित्येक आठवडे आधी द्यावा लागतो. अधिवेशन सुरू झाल्यावर धावत गेलात तर उशीर झालेला असतो. मसुदा तुम्हीच लिहून न्या, स्वीय सहायक मनापासून आभार मानतील. मसुदा असा असू द्या:

‘(1) जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळांपैकी पट 100 हून कमी असल्याने आरोग्य व शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशक नसलेल्या शाळांची संख्या किती आहे,
(2) अशा शाळांसाठी केंद्रनिहाय एकत्रित पट धरून निदेशक नेमण्याबाबत शासनाने कोणता निर्णय घेतला आहे वा घेण्यात येत आहे,
(3) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’

‘हे खरे आहे काय’ या साच्यात विचारलेल्या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ एवढं उत्तर येऊन विषय मिटतो. म्हणून पहिल्या उपप्रश्नात आकडा मागा.

तो आकडा आधी आपल्याला माहीत असला तर उत्तम. त्यासाठी माहितीचा अधिकार. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ लिहू नका. शाळेचं नाव, पट, निदेशक आहे की नाही, एवढे तीन रकाने मागा.

कधी काय

जूनअखेर मोजमाप. जुलैत समितीचा ठराव. ऑगस्टात ग्रामसभा, गणपतीत सह्या, सप्टेंबरात यू-डायस. ऑक्टोबर ते जानेवारी हा जिल्हा वार्षिक योजनेच्या आखणीचा काळ, म्हणून निवेदन आणि अंदाजपत्रक दिवाळीआधी पोचलेलं हवं. फेब्रुवारीत जाणारे लोक पुढच्या वर्षाचं मागत असतात, त्यांना ते ठाऊक नसतं एवढंच. निवडणुकीची आचारसंहिता लागली की नवं काम मंजूर होत नाही. कागद मात्र त्या काळातही तयार करता येतात.

शिफारसपत्र मिळाल्यावर

पेढे वाटायची घाई नको. पत्र जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत जातं, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश. दर पंधरवड्याला एक फोन आणि वहीत एक ओळ: तारीख, कुणाशी बोललो, फाइल कुठल्या टेबलावर. समितीतल्या एकाच व्यक्तीने हे करावं. पाच जणांनी पाच फोन केले की कार्यालय पाच वेगवेगळी उत्तरं देतं.

कार्यादेशाची प्रत शाळेत लावा. काम सुरू झालं की मोजपट्टी पुन्हा काढा. मैदानाला मीटरमागे साधारण एक सेंटिमीटर उतार हवा. अगदी सपाट केलं तर जुलैत तळं होतं, जास्त उतार दिला तर दोन पावसांत माती वाहून कातळ पुन्हा वर येतो. पाणी जायला गडग्यात भोकं ठेवली आहेत का पाहा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गडगा पोटातून फुगतो. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्याने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे ते कार्यादेशातून वहीत उतरवून घ्या. पहिल्या जोराच्या पावसानंतर पाणी जिथे साचतं तिथला फोटो तारखेसह काढून त्या मुदतीतच अभियंत्यांकडे लेखी द्या, पोच घेऊन.